तिसऱ्यांदा विचारल्यावर

गुरुवारी सकाळी दहाला वाचनालयातला फोन वाजला, तेव्हा बाहेर शून्याखाली सव्वीस होतं.

"व्हर्ना?" पलीकडून ऑर्विस लोकेनचा आवाज आला. "थंडी आहे."

"आहे," मी म्हटलं.

"कालच्यापेक्षा जरा जास्तच."

"जरा."

मग फोनमधून नुसती त्याच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक येत होती. ऑर्विसला एकोणऐंशी वर्षं झाली आणि त्यानं आजवर मला वाचनालयात फोन केलेला नव्हता. गाडी चरात गेली तर हा माणूस चालत घरी येईल आणि बर्फ वितळायची वाट पाहील, पण कुणाला उठवणार नाही.

"आमच्या कॉम्प्युटरचं जरा काहीतरी झालंय," तो शेवटी म्हणाला. "पण घाई नाही हं. या आठवड्यात कधी इकडून जात असलीस, तर आपलं सहज."

आमच्या स्वेनबीत 'घाई नाही' याचा अर्थ घराला आग लागली आहे. मी दारावरची पाटी उलटी केली, कोट चढवला आणि निघाले.

लोकेन बंधू तळ्याच्या उत्तर काठाला राहतात. ऑर्विस थोरला, डेल्मर तीन वर्षांनी धाकटा. दोघांनीही लग्न केलं नाही. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि आपण होऊन विचारणं त्यांना आगाऊपणाचं वाटलं. आईवडील गेले, गाई गेल्या. राहिले ते दोघं, एक ट्रॅक्टर, आणि आईच्या शिवणयंत्राच्या टेबलावर मांडलेला एक कॉम्प्युटर. तो हवामान बघायला म्हणून घेतला होता.

चार हिवाळ्यांपूर्वी त्यांचं बोलणं थांबलं.

तेव्हा तळ्याच्या बर्फावर दोघांचं मिळून एकच खोपटं होतं. चार भिंती फळ्यांच्या, एक शेगडी, दोन घडीची स्टुलं, आणि गिरमिटानं बर्फात पाडलेलं एक भोक. त्या भोकातून एका दुपारी डेल्मरनं आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा वर ओढला. हातभर लांब, वॉलाय जातीचा, ओला, सोनेरी, शेगडीच्या उजेडात चमकणारा. अशा वेळी शेजारच्यानं 'वाईट नाही' म्हणायचं असतं. मासा फारच मोठा असला तर 'अगदीच वाईट नाही.' पण ऑर्विसला त्या दिवशी काय झालं कोण जाणे. तो स्टुलावरून उठला आणि मोठ्यांदा म्हणाला, "वा!"

लोकेनांच्या घरात तीन पिढ्यांत असं कुणी ओरडलं नव्हतं. डेल्मर दचकला. हात सुटला. मासा बर्फावर एकदा आपटला, एकदा उडाला आणि आल्या भोकानं परत गेला.

डेल्मर तासभर भोकाकडे बघत बसला, मग स्टूल तिथंच ठेवून उठला. पुढच्या आठवड्यात बारा पावलांवर त्यानं स्वतःचं वेगळं खोपटं उभं केलं. तेव्हापासून हिवाळाभर तळ्यावर धुराच्या दोन रेघा शेजारीशेजारी वर चढतात, आणि वारा सुटला तरच एकमेकींना भेटतात.

बोलणं थांबलं तरी घर चालवावंच लागतं. एका सकाळी डेल्मरनं कॉम्प्युटरवर एक कोरं पान उघडलं आणि लिहिलं, 'दूध संपलं.' दुपारी ऑर्विसनं त्याखाली लिहिलं, 'आणलं.' तेव्हापासून ते पान उघडंच होतं. मी एकदा त्यांचा कीबोर्ड बदलायला गेले होते. बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण डोळा गेलाच.

'वारा उत्तरेचा.'

'ऐकला.'

'हरीण आलं होतं.'

'पाहिलं. मागचा पाय धरलाय त्याचा.'

'कुंपणापाशी मीठ ठेवलं.'

'बरं केलंस.'

दोन टोकांना दोघांनी धरून करवत ओढावी, तशी ती ओळ एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे. सहाशेच्या वर पानं झाली होती आणि त्यातलं एकही त्यांनी कधी सेव्ह केलेलं नव्हतं.

"अरे, सेव्ह का करत नाही?" मी तेव्हा विचारलं होतं.

"तो नाव मागतो," ऑर्विस म्हणाला.

"मग द्या की काहीतरी."

"नाव देण्यासारखं त्यात काही नाही, व्हर्ना," तो म्हणाला, आणि कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

म्हणून कॉम्प्युटर कधी बंदच करायचा नाही, असा त्यांनी मार्ग काढला. मागच्या वर्षी वादळात तीन दिवस वीज गेली, तेव्हा जनरेटरची वायर त्यांनी आधी कॉम्प्युटरला जोडली. घर तापवायला वीज उरली नाही. दोघं कानटोप्या घालून स्वयंपाकघरात बसले होते आणि पानावर लिहीत होते, 'थंडी आहे.' 'आहे.'

मी पोचले तेव्हा ऑर्विस त्या टेबलासमोर उभा होता. टोपी काढून हातात धरलेली. स्क्रीन निळीभोर, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत: 'अपडेट सुरू आहे. ३१ टक्के. कृपया कॉम्प्युटर बंद करू नका.'

"कधी सुरू झालं?"

"साडेआठला." तो घुटमळला. "तो विचारत होता, व्हर्ना."

"कोण?"

"हा अपडेट. सोमवारी आला, कोपऱ्यात. म्हणाला, आत्ता करू का? मी म्हटलं, नंतर. मंगळवारी परत आला. मी म्हटलं, नंतर. आज सकाळी बघतो तर पुन्हा तिथंच उभा."

"आणि?"

"तिसऱ्यांदा विचारत होता गं."

पुढचं त्यानं सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे कॉफी विचारली तर पहिलं 'नको' मानासाठी असतं, दुसरं 'नको' रीतीसाठी. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस खुर्ची ओढतो आणि म्हणतो, बरं, फार त्रास नसेल तर, अर्धा कप. तिसऱ्यांदा नाही म्हणणं म्हणजे विचारणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं. माझी मामी तिसऱ्यांदा नाही म्हणाली होती, एका लग्नात, १९७४ साली. अजून लोक तिच्याकडे बघून आवाज खाली करतात.

"म्हणून मी हो दाबलं," ऑर्विस म्हणाला. "म्हटलं, बरं, फार त्रास नसेल तर."

"मोठ्यानं म्हणालास?"

"दाबलं. आणि म्हणालोही."

मी वाकून टेबलामागची वायर धरली. "ओढू? होईल ते होईल."

"अगं, तो 'कृपया' म्हणतोय!"

मी पुन्हा स्क्रीन वाचली. खरंच म्हणत होता. खोटं कशाला सांगू, वायर माझ्या मुठीत होती आणि मलाही धीर झाला नाही. मी ती हळूच जमिनीवर ठेवली.

"पान गेलं असेल का?" त्यानं विचारलं.

"कुणास ठाऊक. कधीकधी हे आतल्या आत ठेवून देतात. कधी नाही."

ऑर्विसनं टोपी एकदा उलटी केली, एकदा सुलटी. "मागच्या सगळ्याचं काही नाही," तो म्हणाला. "दूध काय, परत संपेल. पण शेवटी एक ओळ होती. मी सकाळी पूर्ण केली. आठ दिवस चाललं होतं माझं. डेल्मरनं ती अजून वाचलेली नाही. तो बाराला येतो, बूट काढतो आणि उभ्याउभ्या वाचतो."

घड्याळात पावणेअकरा झाले होते.

"काय लिहिलं होतंस?"

"एक ओळ."

"अरे, मग तो आला की तोंडानंच सांग ना."

ऑर्विसनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला रविवारी चर्चमध्ये पँट काढून बाकावर उभं राहायला सांगितलं होतं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि समोरच्या घरातली मार्लिस आत आली. हातात फडक्यात बांधलेलं भांडं. मार्लिसनं बहात्तर वर्षांत गावातला एकही आजार, एकही मयत आणि एकही भांडण हॉटडिशशिवाय जाऊ दिलेलं नाही. खाली खिमा, वर बटाट्याच्या गोळ्यांच्या ओळी, अगदी सैनिक उभे केल्यासारख्या.

"व्हर्नाची गाडी दिसली अंगणात," ती म्हणाली. "गुरुवारी. वाचनालय उघडं असायच्या वेळेला. कोण गेलं?"

"कुणी गेलेलं नाही, मार्लिस."

"मग भांडं परत नेऊ?"

"नको, नको. ठेव."

"नेते की. मला काय जड आहे?"

"असू दे गं."

तिनं भांडं ओव्हनमध्ये सरकवलं आणि स्क्रीनसमोर उभी राहिली. चष्मा नाकावर खाली घेतला, वर केला. आम्ही तिला सगळं सांगितलं. ओळीचंही सांगितलं. ऑर्विसनं तेव्हा खिडकीबाहेर बघितलं.

"म्हणजे पाहुणा आहे," मार्लिस म्हणाली. "तू आत घेतलंस आणि आता हलत नाही. काही दिलंस का त्याला?"

"काय देणार?"

"कमाल आहे बाई तुम्हा पुरुषांची. अडीच तास झाले, आणि समोर साधी कॉफी नाही!" तिनं कप काढला, भरला आणि कीबोर्डशेजारी बशीत ठेवला. जरा विचार करून शेजारी साखरही ठेवली. "हे बघ, ऑर्विस. घरी आलेल्याला ऊठ म्हणता येत नाही. पण त्याचं त्याला उठावंसं वाटेल असं करता येतं. माझा मेहुणा आठवतोय? नाताळला आला होता. त्यालासुद्धा मी घालवलं."

"तो फेब्रुवारीत गेला," मी म्हटलं.

"पण गेला ना?"

तिनं कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढली, ऐसपैस बसली, आणि दोन्ही तळहात गुडघ्यांवर फाडकन मारून म्हणाली, "चला तर मग. निघायलाच हवं म्हणते मी."

आमच्याकडे निरोपाची सुरुवात अशी होते. त्यानंतर खरंच निघायला तासभर लागतो, पण गुडघे वाजल्याशिवाय कुणी हलत नाही.

स्क्रीनवर ३१ चे ३२ झाले.

मार्लिसनं फक्त एक भुवई वर केली. मग तिनं पुन्हा गुडघे वाजवले. काही झालं नाही.

"एकदाच वाजवतात," ऑर्विस पुटपुटला. "पुढे खुर्चीमागे उभं राहायचं असतं."

मग आम्ही तिघं खुर्च्यांमागे उभे राहिलो, त्यांच्या पाठींवर हात टेकून, आणि रीतीप्रमाणे सगळं बोललो. कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, यंदा बर्फ किती इंच जाड, पलीकडच्या रस्त्यावरचं दुकान कुणी घेतलं. ऑर्विस मान वळवून मधूनमधून स्क्रीनलाही विचारत होता, "नाही का?" साडेअकराला ५२ टक्के झाले. हॉटडिशचा वास सुटला होता, पण पाहुणा दाराशी न्यायचा असताना मध्येच पानं कशी मांडायची?

"आता दारात," मार्लिस म्हणाली.

"त्याला दारात कसं नेणार? वायर आखूड आहे."

"मग दार उघड. निदान वाट तरी दिसू दे त्याला."

ऑर्विसनं दार सताड उघडलं. शून्याखाली सव्वीसची हवा पांढरी वाफ होऊन फरशीवरून आत आली, मांजरीसारखी, टेबलाच्या पायांना घासत. आम्ही कोट चढवले, हातमोजे घातले. मार्लिसनं चार बिस्किटं चंदेरी कागदात बांधून कॉम्प्युटरच्या डोक्यावर ठेवली, वाटेत लागतील म्हणून. कसेबसे ६८ टक्के झाले. तिथं तो पुन्हा अडला.

"आता गाडीपाशी जाऊन हात हलवायचा असतो," मी म्हटलं. माझं मला नवल वाटलं की हे मी म्हणते आहे. मी वाचनालय चालवते. माझ्याकडे कॉम्प्युटर वापरायला शिकवण्याचं प्रमाणपत्र आहे.

मार्लिस पायरीवर गेली आणि तिथून हात हलवू लागली. मी उंबऱ्यात उभी राहून हलवत होते. ऑर्विस आत, टेबलाजवळ, टोपी छातीशी धरून वाकला आणि अगदी हळू, अगदी मनापासून म्हणाला, "रस्त्यात हरणं असतात. सांभाळून जा."

८९ टक्के.

"मार्लिस," पायरीखालून आवाज आला, "दार उघडं आहे."

डेल्मर उभा होता. मिशांना बर्फ लागलेलं, हातात दोरीला ओवलेले तीन मासे, दगडासारखे गोठलेले. बाराला पाच कमी होते.

"माहीत आहे," मार्लिस हात हलवता हलवताच म्हणाली. "पाहुणा निघालाय."

डेल्मरनं अंगण पाहिलं. माझी गाडी, मार्लिसच्या पावलांचे ठसे, बाकी कोरं बर्फ. "कोण पाहुणा?"

मार्लिस हात हलवतच राहिली, तेव्हा तो आत आला. बूट काढले नाहीत. चार वर्षांत पहिल्यांदा त्यानं बूट काढले नसतील. ओल्या फरशीवरून सरळ टेबलाशी गेला आणि निळ्या स्क्रीनसमोर उभा राहिला. कॉफीचा कप बघितला. साखर बघितली. डोक्यावरची बिस्किटं बघितली.

"व्हर्ना," तो म्हणाला, "पान?"

"आत असेल," मी म्हटलं. "बहुतेक."

"बहुतेक," डेल्मर म्हणाला आणि खुर्चीवर बसला. सवयीनं त्यानं कीबोर्डवर बोटं ठेवली. मग उचलली. माशांची दोरी मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला. "मी मासे लिहिणार होतो," थोड्या वेळानं तो मलाच म्हणाला. "तीन मिळाले."

ऑर्विस स्वयंपाकघराच्या दुसऱ्या कोपऱ्यातून खोकला. "व्हर्ना, त्याला सांग, वाईट नाहीत."

"मार्लिस," डेल्मर म्हणाला, "मला ऐकू येतं म्हणावं."

मी दार लावलं. शंभर टक्के झाले होते.

स्क्रीन काळी झाली. इतका वेळ काळी राहिली की ऑर्विसनं हात जोडले. मग उजळली, आणि मोठ्या गोल अक्षरांत म्हणाली, 'नमस्कार!' मग, 'तुमच्यासाठी सगळं नवं करतो आहोत.' मग, 'बस, झालंच.' आणि त्यांच्या साध्या करड्या स्क्रीनच्या जागी एक समुद्रकिनारा आला, नारळाची झाडं, निळं पाणी. कोपऱ्यात हवामान दिसत होतं. ब्याऐंशी अंश फॅरनहाइट, ऊन, कुठल्यातरी बेटावरचं.

"गरम आहे," डेल्मर म्हणाला.

"जरा," ऑर्विस म्हणाला.

पान नव्हतं.

पण तेवढ्यात किनाऱ्याच्या मधोमध एक चौकोन उमटला. मी वाकून वाचू लागले. 'सेव्ह न केलेलं एक पान सापडलं आहे. परत हवं आहे का?' खाली दोन बटणं. 'हो.' 'नको.'

"ऑर्विस!" मी ओरडले. "आहे! सापडलं!"

ऑर्विस कोपऱ्यातून धावला. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, मोज्यांवर, ओल्या फरशीवर. डेल्मरच्या खांद्यावरून वाकून त्यानं माऊस धरला. त्याचा चेहरा मी कधी इतका उघडा पाहिला नव्हता. आणि मग, सगळ्या जगात त्याला ज्याची सर्वांत जास्त गरज होती ते कुणीतरी त्याच्यापुढे धरलं आहे, हे पाहून त्याच्या तोंडून आणि बोटातून तेच निघालं, जे आयुष्यभर निघत आलं होतं.

"नको, नको," ऑर्विस म्हणाला. "कशाला उगाच त्रास."

आणि त्यानं 'नको' दाबलं.

चौकोन मिटला. लाटा राहिल्या.

"शाबास," मार्लिस हळूच म्हणाली. चूक तिलाही दिसली नव्हती. खरं सांगायचं तर मलाही पहिल्या क्षणी दिसली नाही. आम्ही चौघं हात मांडीवर घेऊन बसलो आणि कॉम्प्युटरनं दुसऱ्यांदा विचारायची वाट पाहू लागलो.

घड्याळ वाजत होतं. कॉफी गार झाली होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"विचारेल," ऑर्विस म्हणाला.

"विचारेल की," मार्लिस म्हणाली. आणखी थोड्या वेळानं तिनं मला विचारलं, "कुठला आहे गं हा?"

"कोण जाणे. बाहेरचा असेल."

"न्यूयॉर्कचा असणार. तिकडे एकदाच विचारतात." तिनं डोकं हलवलं. "हे करायला आला तेव्हा बरा तीनतीनदा विचारत होता. परत द्यायच्या वेळी एकदाच."

मग मी डेल्मरला बाजूला सरकवलं आणि मला येत होतं ते सगळं केलं. जुन्या जागा शोधल्या, कचऱ्यात हात घातला, प्रमाणपत्रात होतं ते आणि नव्हतं तेही. पान कुठंही नव्हतं. दूध गेलं, वारा गेला, लंगडं हरीण गेलं. 'बरं केलंस' गेलं. मी मागे वळले तेव्हा मला काही सांगावं लागलं नाही.

डेल्मर गोठलेल्या माशांशी चाळा करत होता. "व्हर्ना, काही राहिलं होतं का त्यात? वाचायचं?"

मी ऑर्विसकडे पाहिलं. ऑर्विस समुद्राकडे पाहत होता.

"एक ओळ," मी म्हटलं.

"काय होती?"

"मी वाचली नाही. मला एकला वाचनालय उघडायचंय," मी म्हटलं, आणि जागची हलले नाही. मार्लिसही हलली नाही. ओव्हनमध्ये बटाटे करपत होते आणि मार्लिसनं ते करपू दिले. तिच्या बाबतीत असं कधी झालेलं नाही.

ऑर्विसनं खुर्ची ओढली. भावाशेजारी बसला, पण तोंड स्क्रीनकडे. नारळाच्या झाडांना सांगावं तसं तो म्हणाला,

"माझ्या खोपटात तुझं स्टूल आहे."

आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा. डेल्मरची बोटं थांबली.

"तिथंच आहे ते," ऑर्विस म्हणाला. "मी हलवलं नाही. तर शनिवारी... येणार असलास, तर."

एवढंच. आठ दिवस आणि एवढंच.

डेल्मरनंही समुद्राकडेच बघितलं. "नको," तो म्हणाला. "तुला अडचण होईल."

पहिलं 'नको' मानासाठी.

ऑर्विस खुर्चीवर जरा पुढे सरकला. "भोक मोठं पाडलंय यंदा. दोन गळ बसतात."

"नको रे. माझं खोपटं आहे की."

दुसरं रीतीसाठी. आणि मग ती जागा आली, दुसऱ्याच्या नि तिसऱ्याच्या मधली. रोज दहादा आम्ही ती न बघता ओलांडतो, चहाकॉफीच्या वेळी, दारात, गाडीपाशी. पण ऑर्विस आज सकाळपासून दोनदा पोळला होता. एकदा तिसऱ्यांदा विचारलं म्हणून त्यानं हो म्हटलं होतं, आणि एकदा त्याला कुणी दुसऱ्यांदाही विचारलं नव्हतं. त्याचे ओठ हलले आणि मिटले. हे खरंच 'नको' असलं तर? चार वर्षांनी माणूस रीत विसरला असला तर? मार्लिसनं टेबलाखालून माझा हात धरला. जोरात धरला. डेल्मर दोरीकडे बघत होता, आणि मला दिसलं की तो तीनच मासे पुन्हापुन्हा मोजतोय.

टिंग, असा आवाज झाला. स्क्रीनच्या कोपऱ्यात छोटा चौकोन आला: 'आणखी एक अपडेट तयार आहे. आत्ता करू का?'

ऑर्विसनं त्याच्याकडे बघितलं. मग तळहात सबंध त्या कोपऱ्यावर ठेवून तो चौकोन झाकून टाकला.

"थांब रे," तो त्याला म्हणाला. "मी विचारतोय."

आणि तसाच हात ठेवून तो पहिल्यांदा डेल्मरकडे वळला.

"ये की शनिवारी, डेल्मर."

डेल्मरनं मासे टेबलावर ठेवले. टोपी काढली. केसांवर टोपीचा चपटा ठसा उमटला होता, तो हातानं सारखा केला. आता त्याला घाई नव्हती. हाताखाली चौकोन पुन्हा टिंग वाजला, पण कुणी लक्ष दिलं नाही.

"बरं," डेल्मर म्हणाला. "फार त्रास नसेल तर. थोडाच वेळ."

"थोडाच वेळ," ऑर्विस म्हणाला.

मार्लिस एकदम उठली आणि ओव्हनकडे पळाली. तिनं तिथं बराच वेळ आमच्याकडे पाठ करून फडक्यानं तोंड पुसलं, धूर फार झाला म्हणाली. वरची रांग काळी पडली होती, खालचं चांगलं होतं. आम्ही चौघं तेच खाल्लं, कोट घालूनच, कारण घर अजून तापलं नव्हतं. कॉम्प्युटरच्या डोक्यावरची बिस्किटंही खाल्ली. खाताना दोघं भाऊ एकमेकांशी काहीच बोलले नाहीत. मीठ मात्र एकानं दुसऱ्याकडे न मागता सरकवलं.

मी गुडघे वाजवले तेव्हा एक वाजून गेला होता. खुर्चीमागे उभं राहून झालं, दारात झालं. मी पायरीवर पोचले तेव्हा आतून डेल्मरचा आवाज आला.

"पण एक आहे. मासा लागला तर गप्प बसायचं."

"बरं," ऑर्विस म्हणाला.

"एक शब्द नाही."

"'वाईट नाही', एवढंसुद्धा नाही?"

मी हातमोजा घालता घालता थांबले.

"मासा बघून सांगतो," डेल्मर म्हणाला.